पुरे आणि आणखी

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकतो. गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री मी दोन माणसांच्या जेवणावर १९ हजार रुपये घालवले. पूर्ण शुद्धीत. मुंबईतलं एक रेस्टॉरंट. नाव सांगत नाही, कारण माझं भांडण त्या एका रेस्टॉरंटशी नाही. तिथे मेन्यूकार्ड नसतं. १२ पदार्थ, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या मापात, शेफच्या मर्जीने. याला टेस्टिंग मेन्यू म्हणतात. आपण फक्त जायचं, बसायचं आणि पुढ्यात येईल ते खायचं.

खरं तर बेत माझा आणि बायकोचा होता. लग्नाचा दहावा वाढदिवस. टेबल दीड महिना आधी बुक केलेलं, पैसे आधीच भरलेले आणि ते परत मिळणार नव्हते. नेमका शुक्रवारी बायकोला १०२ ताप. ती म्हणाली, पैसे वाया घालवू नकोस, कुणाला तरी घेऊन जा. मित्रांना फोन लावले तर अर्धे पुण्याला गेलेले, उरलेले ऑनकॉल. शेवटी तिनेच सुचवलं, "मावशींना विचार की."

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. हिने पुण्यात, सदाशिव पेठेत, २२ वर्षं मेस चालवली. दोन वेळची मिळून रोज शंभरेक ताटं, आणि कामाला चार बायका. आता ठाण्याला मुलाकडे असते. मी फोनवर सगळं समजावून सांगितलं, पैसे परत मिळत नाहीत हेही सांगितलं. तिचा पहिला प्रश्न: "म्हणजे खाडा धरत नाहीत?"

(ज्यांचं कॉलेज घरून झालं त्यांच्यासाठी: मेसचे पैसे महिन्याचे आधी भरायचे. गावाला जाणार असाल तर तसं आधी सांगायचं. मग तेवढ्या दिवसांचे पैसे वजा होतात. तो खाडा.)

नाही म्हटलं, खाडा नाही. "मग यायलाच पाहिजे," मावशी म्हणाली. "वाया कशाला घालवायचं?"

तर अशी आमची वरात निघाली. आता पुढे काय होणार हे तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटत असेल. मराठीत हा किस्सा सहसा एकाच वळणाने जातो: साधीभोळी म्हातारी, भलीमोठी बशी, मधोमध टिकलीएवढं काहीतरी, "अगो बाई, हे काय?", आणि शेवटी बाहेर पडून वडापाव. तसं काहीही झालं नाही. मावशी साधीभोळी अजिबात नाही. ती या धंद्यातली आहे. क्रिकेटपटू दुसऱ्याची मॅच बघतो तशी ती ते जेवण बघत होती. आणि आमचं पोट व्यवस्थित भरलं. जरा जास्तच भरलं.

माझी तक्रार वेगळी आहे. पण तिच्याकडे यायच्या आधी वाटेतला कचरा बाजूला करू. अशा जेवणाला नावं ठेवणारे जे चार मुद्दे काढतात ते बहुतेक पोकळ आहेत, आणि ते बोलून आपण खरा मुद्दा हुकवतो.

पहिला मुद्दा, "पोट भरत नाही." ज्याने १२ कोर्स खाल्लेले नाहीत तोच हे बोलतो. चार-चार घास धरले तरी ४८ घास होतात, शिवाय मधेमधे ब्रेड आणि लोणी.

दुसरा, "महाग आहे." आहेच. पण आयपीएलचं चांगलं तिकीट आणि दर वर्षाला बदलायचा फोनही महागच असतो, तेव्हा आपण हा हिशोब मांडत नाही. मावशीने याचं उत्तर दोन मिनिटांत काढलं. तिने वाढणाऱ्या मुलाला विचारलं, "आत किती माणसं आहेत?" तो म्हणाला, अठरा. "आणि बाहेर जेवणारे?" चाळीस. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मग बरोबर आहे. चाळीस पानांना अठरा माणसं म्हणजे पैसे लागणारच."

तिसरा, "सगळं केमिकल असतं." पहिलाच पदार्थ पन्ह्याचा गोळा होता. चमच्यात एक पिवळसर गोळी, तोंडात टाकली की फुटते आणि आतून गार पन्हं. याची युक्ती अशी: समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून सोडियम अल्जिनेट मिळतं. ते रसात मिसळायचं आणि त्या रसाचे थेंब कॅल्शियमच्या द्रावणात सोडायचे. कॅल्शियम भेटलं की बाहेरून पातळ पडदा धरतो. आंबट रसाला हे नीट जमत नाही, म्हणून तिथे क्रम उलटा: कॅल्शियम आत, अल्जिनेट बाहेर. स्पेनमधल्या 'एल बुयी' या रेस्टॉरंटच्या फेरान आद्रिया यांनी २००३मध्ये हे तंत्र मोठ्या स्वयंपाकात आणलं, पण मुळात ते १९४०च्या दशकातलं आहे. खोट्या चेरी करायला वापरायचे. आणि आपण नाक मुरडायचं काही कारण नाही. आग्र्याचा पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या पाण्यात ठेवतात. चुन्यातलं कॅल्शियम कोहळ्यातल्या पेक्टिनला घट्ट धरतं, म्हणून फोडी पाकात शिजूनही मोडत नाहीत. रसायन त्याच घराण्यातलं. मी हे मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग गोळीचं एवढं काय? पण छान केलीय, आंबट-गोड बरोबर आहे."

चौथा मुद्दा, "निवडच नाही! हे काय जेवण झालं?" आता मला सांगा, मेसमध्ये कुठे निवड असते? मंगळवारी दुधी म्हणजे दुधी. लग्नाच्या पंगतीत कुठे असते? आणि घरी? आपण सगळे ठरलेल्या मेन्यूवरच वाढलोय. "आज काय आहे?" हा प्रश्न आपण आयुष्यभर विचारत आलो, "आज काय मागवू?" हा अलीकडचा. दुसऱ्याने ठरवलेलं जेवण निमूटपणे जेवणं ही मुळीच परकी गोष्ट नाही.

मग बिनसलं कुठे?

पाचव्या नंबरला कुळथाचा पदार्थ आला. कोकणातलं कुळथाचं पिठलं, पण खरवसासारखं मऊ थरथरतं, चौकोनी वडीच्या आकारात. वर तळलेल्या लसणाचा चुरा, बाजूला तांदळाचा कागदासारखा पापड. वाढणारा मुलगा त्याची गोष्ट सांगत होता. (प्रत्येक पदार्थाची गोष्ट होती. शेफच्या आजीचं गाव, पहिला पाऊस, चुलीचा धूर वगैरे. गोष्ट संपेपर्यंत चमचा उचलायचा नसतो, हे मला तिसऱ्या कोर्सला समजलं.) मावशीने एक घास घेतला आणि गप्प झाली. मग म्हणाली, "ज्याने केलंय त्याला कळतं." तिच्या तोंडून एवढी स्तुती मी कधी ऐकलेली नाही. माझ्या बायकोच्या स्वयंपाकाला तर नाहीच. (हे बायको वाचणार आहे. असो.)

आणि मग जगातला कुठलाही जेवणारा माणूस करेल ते तिने केलं. बशी पुढे सरकवून म्हणाली, "हे आणखी थोडं वाढा."

त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. उद्धट नव्हता बिचारा. उलट फारच नम्र होता. तो म्हणाला, सॉरी मॅम, आमच्या पोर्शन्स मोजलेल्या असतात. मी म्हटलं, जास्तीचे पैसे देतो. तो म्हणाला, पैशाचा प्रश्न नाही सर, सिस्टिममध्येच नाही. मग मॅनेजर आले, त्यांनीही तेच सांगितलं, आणखी नम्रपणे. पुढच्या कोर्सबद्दल शेफ फार उत्सुक आहेत म्हणाले. मावशी म्हणाली, "बरं." सहावा कोर्स आला. तो मला आता आठवतही नाही.

अकराव्या कोर्सला याच्या उलट झालं. तोपर्यंत पावणेतीन तास उलटून गेलेले. मावशीचं पोट भरलं होतं. मुलगा बशी घेऊन येताना दिसला तशी तिने टेबलावर हात आडवा धरला. आपल्याकडे पानावर हात आडवा धरला की त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: पुरे. त्या मुलाने तिच्या हाताला वळसा घालून बशी पलीकडे ठेवली आणि गोष्ट सुरू केली. बशी तशीच परत गेली, तेव्हा मॅनेजर पुन्हा आले. काही प्रॉब्लेम होता का मॅम? "काही नाही हो," मावशी म्हणाली, "पुरे झालं एवढंच." हे उत्तर त्यांच्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्यांना सुचेना.

तर माझी तक्रार ही आहे. जेवणाऱ्या माणसाकडे दोन शब्द असतात: 'पुरे' आणि 'आणखी'. काय जेवायचं हे दुसऱ्याने ठरवलं तरी चालतं. क्रम त्याने ठरवला तरी चालतं. पण हे दोन शब्द काढून घेतले की जे उरतं ते कितीही सुंदर असो, त्याला जेवायला वाढणं म्हणू नये. तो डेमो आहे. आपण क्लायंटला देतो तसा. डेमोत स्क्रिप्ट ठरलेलं असतं, डेटा ठरलेला असतं, आणि क्लायंटने मधेच उठून भलतं बटण दाबायचं नसतं. डेमो वाईट असतो असं नाही. पण डेमोला कोणी 'पाहुणचार' म्हणत नाही, आणि ही मंडळी म्हणतात.

इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर ही ओपन लूप सिस्टिम आहे. एक इस्त्री अशी असते की ठरलेला वेळ तापत राहते, कापड जळो की सुरकुतलेलं राहो. दुसरीत थर्मोस्टॅट असतो: तापमान बघते आणि त्याप्रमाणे स्वतःला सावरते. पंगतीतला वाढपी हा थर्मोस्टॅट आहे. जिलबीचं ताट घेऊन तो ओळीने येतो, प्रत्येक पानाकडे बघतो, कोणी हात आडवा धरला तर पुढे जातो, कोणाची नजर ताटावर खिळलेली दिसली तर न मागता दोन जास्त टाकतो. मेन्यू सगळ्यांना एकच. जेवण मात्र प्रत्येकाचं वेगळं होतं, आणि तेही फुकटात, नुसत्या बघण्यातून.

लगेच कोणीतरी म्हणेल, अरे, मग जपानी ओमाकासे काय आहे? तिथेही सगळं शेफवरच सोपवलेलं असतं. बरोबर. शब्दाचा अर्थच 'तुमच्यावर सोडलं' असा आहे. पण तिथे काउंटरच्या पलीकडे शेफ स्वतः उभा असतो आणि त्याचं लक्ष तुमच्या हाताकडे असतं. २०११च्या 'जिरो ड्रीम्स ऑफ सुशी' या माहितीपटात दिसतं, की टोकियोतले जिरो ओनो डावखुरा माणूस ओळखून त्याच्या सोयीने सुशी ठेवतात, आणि कोणाचा घास लहान असेल तर सुशीही लहान करतात. निवड शून्य, पण लक्ष शंभर टक्के. म्हणजे निवड नसणं हा दोष नाही. बघणारं कोणी नसणं हा दोष आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शेफ हा कलावंत आहे. चित्रकाराला कोणी म्हणतं का, इथे थोडा निळा आणखी मार? ठीक. पण आपण मराठी माणसांनी तरी हे बोलू नये. संगीत नाटकाला आपण कला मानतो ना? बालगंधर्वांच्या काळात 'वन्स मोअर'वर 'वन्स मोअर' पडून नाटकं पहाटेपर्यंत चालायची. पद आवडलं की प्रेक्षक पुन्हा मागायचा आणि गाणारा पुन्हा गायचा, तेही वेगळ्या ताना घेऊन. त्याने कलेचा अपमान झाला नाही. मैफिलीत तर गवई समोरच्याची मान कशी हलते ते बघून राग किती वेळ चालवायचा ते ठरवतो. 'आणखी' म्हणणारा माणूस समोर असणं ही कलावंताची अडचण नाही, ती त्याची कमाई आहे.

मग ही पद्धत आली कुठून? युरोपात जुन्या शाही जेवणात एका फेरीचे सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडत आणि ज्याला जे हवं ते तो घेई. म्हणजे जवळजवळ आपलं ताटच. एकामागून एक पदार्थ आणायची पद्धत तिथे एकोणिसाव्या शतकात रुजली. तिचं नावच 'रशियन पद्धत', आणि ती पॅरिसला आणण्याचं श्रेय तिथले रशियन राजदूत कुराकिन यांना देतात. पुढे १९७०च्या दशकात फ्रान्समधल्या नव्या स्वयंपाकाच्या चळवळीने लहान लहान पदार्थांची लांब मालिका लोकप्रिय केली. त्यानंतर 'एल बुयी'ने ती टोकाला नेली: एका रात्री एका माणसाला तीसच्या वर पदार्थ. बँकॉकला गगन आनंद यांनी तर पदार्थांची नावंही काढून टाकली आणि मेन्यूवर नुसत्या इमोजी छापल्या. शिकागोच्या 'नेक्स्ट'ने २०११मध्ये टेबलं नाटकाच्या तिकिटांसारखी आधी पैसे घेऊन विकायला सुरुवात केली, आणि ही पद्धत जगभर पसरली. तिकीट काढलं की आपण प्रेक्षक झालो. मग प्रेक्षकाने मधेच बोलायचं नसतं, हे ओघाने आलंच.

हे सगळं दुष्टपणाने झालंय असं मी म्हणत नाही. चाळीस माणसं, बारा पदार्थ: रात्रीत ४८० बशा. प्रत्येक बशीवर चिमट्याने पानं लावायची. अशा पाइपलाइनमध्ये एका माणसाने 'आणखी' म्हटलं की सगळं शेड्यूल कोलमडतं. म्हणजे हे दोन शब्द कोणी मुद्दाम काढले नाहीत. ते परवडत नाहीत म्हणून गळाले. पण परवडत नाही म्हणजे काय, तेही बघा. 'एल बुयी'त दर मोसमात तीसएक शिकाऊ मुलं बिनपगारी राबायची, जगातल्या पहिल्या नंबरच्या स्वयंपाकघरात शिकायला मिळतं म्हणून. ते रेस्टॉरंट ३० जुलै २०११ला बंद झालं. कोपनहेगनच्या 'नोमा'ने शिकाऊ मुलांना पगार द्यायला २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सुरुवात केली. लगेच पुढच्या जानेवारीत मालक-शेफ रेने रेडझेपी यांनी जाहीर केलं, की अशा जेवणाचं हे गणित टिकण्यासारखं नाही आणि नेहमीचं रेस्टॉरंट बंद करायचं ठरलंय. मी यातून 'पगारामुळे बंद पडलं' असा सोपा निष्कर्ष काढणार नाही, कारणं अनेक असतील. पण जी इमारत फुकट हातांवर उभी राहिली, तिने पाहुण्याला एक चमचा जास्त वाढणं परवडत नाही म्हणावं, हे मला पटत नाही. मावशीच्या चार बायकांना पगार होता आणि दोन वेळचं जेवणही होतं. आणि तरी तिथे 'आणखी' परवडत होतं.

कसं परवडत होतं? टॅक्सीत मी तिला विचारलं. ती म्हणाली, "अरे, रोज चार माणसांचं जास्तच टाकायचं. कोणाला जास्त भूक असते, कोणाचा मित्र येतो. उरलं तर बायका घरी न्यायच्या." बस. आपल्याकडे याला बफर म्हणतात. सर्व्हरची कपॅसिटी आपण शंभर टक्के वापरायची ठरवत नाही, वर थोडी जागा ठेवतो, कारण माणसं कधी काय मागतील सांगता येत नाही. मेस चालवणाऱ्या बाईला हे कॉम्प्युटरशिवाय कळलं होतं. १९ हजार घेणाऱ्यांना चार वड्या जास्त लावता येत नाहीत?

आता पंगतीचे एवढे गोडवे गायले म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर मी खोटारडा ठरेन. आपली पंगत काही स्वर्ग नव्हती. कोण कोणाच्या पंगतीला बसू शकतो आणि कोणाला दारातही उभं करत नाहीत, याचे नियम फार क्रूर होते. पंक्तिभेद हा शब्द आपल्याच भाषेत आहे. बायका शेवटी जेवायच्या, आणि त्यांना 'आणखी' म्हणायची सोय नव्हती, कारण पातेल्यात उरलेलंच नसायचं. आणि आग्रह? पाहुणा 'पुरे पुरे' म्हणत असताना त्याच्या पानात जिलब्या कोंबणं हाही एक अत्याचारच. हे सगळं मान्य. म्हणून मी 'पूर्वी किती छान होतं' असं म्हणतच नाहीये. उलट, ते दोन शब्द ज्यांना तेव्हा नाकारले ते आता सगळ्यांना मिळावेत, असं म्हणतोय. आणि आग्रह करणाऱ्याबद्दल एवढंच: 'पुरे' ऐकून न ऐकल्यासारखं करणं निराळं, आणि ऐकायची सोयच नसणं निराळं. पहिल्याशी निदान भांडता येतं.

माझा खरा राग मात्र शेफवर नाही. तो तुमच्या-माझ्यावर आहे. कारण त्या रात्री बाकीच्या टेबलांवर आपल्यासारखेच लोक होते. पस्तिशीतले, कंपनीच्या बॅगा, महागडे फोन. कोणीही काही मागत नव्हतं. प्रत्येक बशीचा फोटो, मान डोलावणं, पुढची बशी. मीही तेच करत होतो. गेल्या काही वर्षांत आपल्याला याची इतकी सवय झालीये की लक्षातही येत नाही. गाणं संपलं की पुढचं आपोआप लागतं. एपिसोड संपला की पुढचा सुरू होतो, 'पुरे' म्हणायला पाच सेकंद देतात आणि तेवढ्यात रिमोट सापडत नाही. ऑफिसमध्ये टाउनहॉल असतो, त्यात प्रश्न आधीच ठरलेले असतात. आपण याला 'क्युरेटेड' म्हणतो आणि त्याचे जास्त पैसे देतो. कोणीतरी आपल्यासाठी निवडलंय याचं आपल्याला कौतुक वाटतं. त्याने आपल्याकडे एकदाही बघितलेलं नाही, हे टोचत नाही.

त्या सबंध हॉलमध्ये ज्या एकमेव बाईने 'आणखी' म्हटलं, तिने आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलं होतं. तिला माहीत होतं की 'आणखी वाढा' हीच स्वयंपाक्याला मिळणारी सर्वात मोठी पावती. आत कोणीतरी पोराने ती कुळथाची वडी केली होती. त्या रात्री त्याला कळायला हवं होतं, की बाहेर २२ वर्षं शंभर माणसांचा स्वयंपाक केलेली एक बाई त्याची वडी पुन्हा मागतेय. मला खात्री आहे, त्याच्यापर्यंत हे पोचलंच नाही. मॅनेजरच्या नम्रतेत अडकलं. म्हणजे नुकसान नुसतं जेवणाऱ्याचं नाही. करणाऱ्याचंही आहे.

नुसतं ओरडून उपयोग नाही म्हणून मागण्या सांगतो. भलत्या नाहीत. एक: बारांपैकी निदान एक पदार्थ असा ठेवा की जो पुन्हा मागता येईल, आणि त्याच्या चार वड्या रोज जास्त लावा. दोन: कुठल्याही टप्प्यावर 'पुरे' म्हणता आलं पाहिजे, आणि राहिलेलं बांधून देता येण्यासारखं असेल तर बांधून द्या. तीन: गोष्ट विचारली तर सांगा. चार: शिकाऊ मुलांना पगार द्या, आणि तो देऊन जेवण आणखी महाग झालं तर होऊ दे, ज्यांना परवडतं ते देतील. आणि पाचवी मागणी आपल्याकडून आपल्यालाच: अशा ठिकाणी गेलात आणि एखादी गोष्ट मनापासून आवडली, तर लाजू नका. बशी पुढे सरकवा आणि मागा. नाही म्हणतील. दहा टेबलांनी मागितलं तर सिस्टिममध्ये घालतील. मागणी आल्याशिवाय फीचर येत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

वडापाव खाल्ला नाही हे वर सांगितलंच आहे.

पंधरा दिवसांनी मावशीने घरी बोलावलं. तिने कुळथाच्या वडीवर प्रयोग केले होते. पिठल्याला पाणी कमी, थोडं नारळाचं दूध, आणि इडलीपात्रात वाफवून. पहिल्या दोन वेळा फसलं म्हणे. तिसऱ्या वेळी बऱ्यापैकी जमलं होतं, त्या पोराच्या हाताची सर नव्हती आणि हे तिने स्वतःच सांगितलं. मी दोन खाल्ल्या. ती तिसरी घेऊन आली, तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला.

तिने हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "अर्धी?"

अर्धी घेतली.